उणीव आणि हाव

औषधाचे दुकान आजारी माणसासाठी असते, अशी आपली जुनी समजूत. आमचे मानपूर आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे. इंदूर आणि महू मागे पडले की, घाट उतरून निमाडात जायच्या आधी लागते. गाव लहान, पण इथल्या औषधाच्या दुकानातसुद्धा समोरचे दिवे लावलेले कपाट आता निरोगी माणसांसाठी असते. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ओमेगा-थ्री, केसांसाठी बायोटिन, गुडघ्यांसाठी अमुक, तरण्या मुलांसाठी प्रोटीनचे डबे. ताप, खोकला, जुलाब यांची औषधे मागच्या फळ्यांवर गेली आहेत. आजारी माणूस आपणहून येतो, त्याला बोलवावे लागत नाही. ज्याला काही झालेले नाही त्याला मात्र बोलवावे लागते, म्हणून दिवे.

बायका एकमेकींना विचारतात, "अगं, तू काय घेतेस? मीही सुरू करू का?" प्रश्न वरवर वैद्यकाचा आहे. पण घरात काय आणायचे हे बहुतेक ठिकाणी आपण बायकाच ठरवतो. आणि काय खावे, किती खावे, कशासाठी खावे हा आपल्याकडे गोळ्यांच्या कितीतरी आधीपासून धर्माचाही प्रश्न आहे. तेव्हा तो त्याही अंगाने तपासून पाहायला हरकत नाही.

उत्तराध्ययन सूत्रात साधूने आहार घेण्याची सहा कारणे सांगितली आहेत. भुकेची वेदना शमावी, दुसऱ्याची सेवा करता यावी, चालताना जीवजंतू पाहून पाऊल टाकता यावे, संयम पाळता यावा, प्राण टिकावेत आणि धर्मचिंतन व्हावे. वट्टकेराचार्यांच्या मूलाचारात तर उलट बाजूही मांडली आहे. बळ वाढावे, आयुष्य वाढावे, अंग भरावे, तेज चढावे म्हणून जेवू नये. ज्ञान, संयम आणि ध्यान यांसाठी जेवावे. हे नियम साधूंचे. संसारी माणसाला ते जसेच्या तसे लागू नाहीत, पण दिशा कळते. आता कोणताही डबा उचलून त्यावर काय छापले आहे ते वाचा. ताकद, दीर्घायुष्य, पुष्टी, चमक. ज्या चार गोष्टींसाठी खाऊ नये असे आचार्य सांगून गेले, नेमक्या त्याच चार गोष्टी विकायला ठेवलेल्या आहेत.

मग उत्तर सोपे झाले म्हणायचे. काहीच घेऊ नये! आपल्याकडची बरीच वडीलधारी मंडळी असेच म्हणतात. "सात पिढ्यांनी गोळी खाल्ली नाही, काय बिघडलं?" पण त्या सहा कारणांत 'पाऊल पाहून टाकता यावे' हे एक कारण आहे, आणि गाडी तिथेच अडते. ज्याला पायाखालची जमीनच कळेनाशी झाली, त्याने पाऊल कसे जपून टाकायचे?

आमच्या ओळखीतल्या एका आजींचे असेच झाले. कट्टर नियमाच्या. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही, कंदमूळ आयुष्यात नाही, वर्षभर काही ना काही तप चालू. दूधही फारसे आवडत नसे. सत्तरीच्या आसपास त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. मग चप्पल पायातून निसटली तरी कळेना. अंधारात तोल जायचा. नावे विसरू लागल्या. घरातल्यांनी सगळे वयावर ढकलले. इंदूरला दुसऱ्याच कामासाठी नेले असता तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले, तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेले आढळले. इंजेक्शने झाली, मग गोळ्या. स्मरण बरेच परत आले, तोल सावरला. पायांची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्या नसा सगळ्याच परत येत नाहीत.

हे बी-१२ समजून घेण्यासारखे आहे, कारण ते थेट आपल्या ताटाशी निगडित आहे. ते ना वनस्पती बनवतात ना प्राणी; ते फक्त सूक्ष्म जीवाणू बनवतात. मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून ते माणसाला मिळते. भाजी, डाळ, धान्य यांतून मिळत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाख भागांतले दोन-अडीच. पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, आणि चहात घातलेल्या दोन चमचे दुधाला पेला म्हणता येत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघाले, आणि शाकाहारी माणसांना कमतरतेचा धोका चौपटीहून अधिक दिसला. खाऊन-पिऊन सुखी शहरी माणसेही त्यात होती.

तेव्हा सात पिढ्यांचे काय बिघडले याचे उत्तर असे की, सात पिढ्यांचे कोणी मोजलेच नव्हते. बी-१२ वेगळे काढले गेले १९४८ साली. त्याआधी म्हातारपणी बधिर झालेले पाय, लाल सोललेली जीभ, भ्रमिष्टपणा यांना वय, वात आणि नशीब अशी नावे होती. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी या जातीच्या जीवघेण्या रक्ताल्पतेवर पहिला उपाय शोधला, तो होता रोज पाव किलोच्या आसपास प्राण्याचे काळीज खाणे. त्याबद्दल त्यांना १९३४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे आपल्यासारख्या माणसाला तेव्हा दोनच रस्ते होते, नियम मोडा नाहीतर मरा. आज ते जीवनसत्त्व टाक्यांमध्ये जीवाणू वाढवून तयार होते. जी गोळी आपण 'परकी' म्हणून नाक मुरडून बाजूला सारतो, तिने खरे तर शाकाहाराला आधार दिला आहे.

त्या आजींनी गोळी हातात घेऊन विचारले होते, "यात काय घातलंय?" जीवाणूंचे ऐकल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे विरजणासारखंच की." मला त्यात चांगला न्याय दिसला. गृहस्थाच्या जगण्यात पूर्ण निर्दोष असे काही नसते. कमी दोषाचे निवडायचे असते. तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात, सांगितले आहे. आपण शाकाहार पाळतो हे आपले व्रत. त्या व्रतामुळे ताटात एक ठरावीक पोकळी राहते, हे आता माहीत झाले आहे. माहीत असूनही ती भरली नाही आणि घरातल्या म्हातारीचे पाय गेले, तर तो प्रमाद नव्हे काय? व्रत माझे आणि किंमत दुसऱ्याने मोजायची, हे अहिंसेत बसत नाही. पोटातल्या बाळाने तर कोणतेच व्रत घेतलेले नसते.

बाळाचा विषय निघाला म्हणून मुंबईची एक गोष्ट. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, कित्येक दगावत. बाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत काम केले, त्या बायका काय खातात याची चौकशी केली, आणि ज्यांच्या ताटात भाजी-फळे जवळजवळ नव्हती त्यांनाच हा आजार अधिक हे त्यांच्या ध्यानात आले. यीस्टचा स्वस्त अर्क, जो मार्माइट नावाने पावाला लावायला मिळे, तो दिल्यावर बायका सुधारल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली तोच घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि 'पान' या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळाले. गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतले तर बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे गंभीर जन्मदोष खूप कमी होतात, हे १९९१ साली मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. आधीपासून म्हणायचे कारण असे की, बाळाची मज्जानलिका पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. लग्न झालेल्या लेकीला-सुनेला दागिन्यांच्या याद्या करून देणाऱ्या आपण बायका ही एवढी गोष्ट वेळेवर सांगत नाही.

ही गोष्ट सांगण्याचे दुसरेही कारण आहे. ल्यूसीबाईंनी आधी उणीव शोधली, मग पदार्थ दिला. आपण पदार्थ आधी आणतो आणि उणीव नंतर शोधतो. याने काय होते ते याच दोन जीवनसत्त्वांत दिसते. बी-१२ कमी असताना कोणी नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिले, तर रक्त सुधारते, चेहऱ्यावर लाली येते, आणि आत नसांची हानी मात्र चालूच राहते. पुण्याच्या त्याच संशोधकांनी जवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. २००८ साली त्यांनी मांडले की, ज्या मातांमध्ये गरोदरपणी फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. मधुमेहाकडे जाणारी वाट ती हीच. म्हणजे चांगली गोष्टसुद्धा अंदाजाने दिली की एकांगी होते. आमच्या या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. तिथेही बाई पांढरी दिसते, पण कारण वेगळे असते. तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या खाऊ घातल्या म्हणून तिचे भागत नाही.

आता दुसरी बाजू. उणीव नसताना घेतले तर निदान नुकसान तरी नाही ना, असे आपण म्हणतो. "अंगाला लागलं तर लागलं." पण शरीर ही काही कोठी नव्हे, भरून ठेवले आणि पावसाळ्यात उपयोगी आले असे व्हायला. फिनलंडमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांना काही वर्षे बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरातले ते रंगद्रव्य, गोळीतून देऊन पाहिले. कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. गाजराने हे केले नव्हते. आपल्या वयाच्या बायकांना कॅल्शियमचे फार वेड. अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६ हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या चाचणीत, २००६ सालच्या अहवालानुसार, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेऊन खुब्याचे हाड मोडणे ठळकपणे कमी झाले नाही; मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. २०१८ साली जवळजवळ २६ हजार माणसांवरच्या चाचणीत ड जीवनसत्त्वाने आणि ओमेगा-थ्रीने कर्करोग किंवा हृदयविकाराचे मोठे झटके विशेष टळले नाहीत. ही सगळी साधारण निरोगी माणसे होती. ज्याला कमतरता आहे त्याची गोष्ट वेगळी. त्याला गोळी ही गोळी नसून अन्नच आहे.

ड जीवनसत्त्वाचेच बघा. माळव्यात उन्हाला तोटा नाही, तरी घरात राहून आणि अंग झाकून आपल्यातल्या कित्येक जणींना ते कमी पडते. तपासून कमी निघाले तर डॉक्टर साठ हजार युनिटांची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायला सांगतात. ती बरी वाटली म्हणून रोज घेत सुटले तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडतात. केसांसाठीच्या बायोटिनने केस येवोत न येवोत, थायरॉइड आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्या मात्र चुकीच्या येऊ शकतात. आणि अश्वगंधा! बटाटा न खाणाऱ्या घरांत मुळाची ही भुकटी कॅप्सूलमधून रोज जाते. वाळवलेले चालते, हे मला ठाऊक आहे. सुंठ आणि हळद आपणही वापरतो. पण चिमूटभर हळद डाळीत घालणे वेगळे आणि तिचा अर्क काढून मुठीने गिळणे वेगळे. अशा अर्कांनी यकृताला सूज आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

कॅप्सूलचे कवच कशाचे, हाही प्रश्न आहेच. बहुतेक कवचे जिलेटिनची, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेली. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या तेलकट अंशापासून काढतात. ओमेगा-थ्री माशाच्या तेलातून येते. पर्याय आहेत. सेल्युलोजची कवचे मिळतात, ड-२ मिळते, दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासूनचे ड-३ मिळते, शेवाळापासूनचे ओमेगा-थ्री मिळते. जवसाची चटणी तर आपल्या घरचीच. पण मला इथे एक क्रम पाळावासा वाटतो. कवच कशाचे हे विचारण्याआधी, ही वस्तू मला हवी कशाला, हे विचारावे. गरज नसलेली हिरव्या ठिपक्याची गोळीसुद्धा परिग्रहच आहे. हिरवा ठिपका वस्तूबद्दल सांगतो, आपल्या हावेबद्दल सांगत नाही.

परिग्रह हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. आपण सोने, जमीन, कपडे यांचे परिमाण ठरवतो. भोगोपभोगाची मर्यादा घालणारे व्रत श्रावकाच्या बारा व्रतांत आहे. पण आरोग्याचाही संग्रह होऊ शकतो, हे ध्यानात येत नाही. आज जे आहे ते हातचे जाईल, या भीतीने माणूस साठवतो. गोळ्यांच्या डब्यांमागे भूक नसते, भीतीच असते. म्हातारपणाची भीती, दुसरीच्या तुकतुकीत चेहऱ्यासमोर आपण मागे पडू ही भीती. त्या भीतीला गोळी नाही. ती कमी करायलाच तर उणोदरी सांगितली आहे. चार घास कमी खाऊनही आपण टिकतो, हा अनुभव पुन्हा पुन्हा घेणे.

आणि संग्रहाचा दुसरा अर्थही विसरू नये. एकीकडे साठते तेव्हा दुसरीकडे उणे असते. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्ताल्पता आढळली. आपल्या घरी धुण्याभांड्याला येणारी बाई बहुधा त्यांत असते. मुलाच्या प्रोटीनच्या डब्याला जेवढे पैसे जातात तेवढ्यात तिच्या घरी कितीतरी दिवस डाळ शिजेल. लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. त्या तिला मिळतात का, पोटात मळमळले म्हणून तिने सोडून तर दिल्या नाहीत ना, हे विचारायला आपल्याला काय पडते? सगळ्यांत यशस्वी पूरक गोष्ट दिव्यांच्या कपाटात नाही, ती मिठाच्या पुड्यात आहे. आज हिमाचलात असलेल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून पाहिले आणि गलगंड उतरणीला लागला. आता तेच मीठ श्रीमंताच्या आणि गरिबाच्या डाळीत सारखेच पडते. कोणी त्याची जाहिरात आरशासमोर उभे राहून करत नाही. उणीव ठाऊक, मात्रा चिमटीएवढी, वाटा सर्वांना, हे तिन्ही जमले तेव्हा पूरक आहार धर्माच्या जवळ आला.

तेव्हा घ्यावे काय? शुद्ध शाकाहारी घरात बी-१२ तपासावे आणि कमी असेल तर विनासंकोच घ्यावे. म्हातारी माणसे, दूध न घेणारी, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारी माणसे यांनी विशेष, कारण त्यांच्या आतड्यात हे जीवनसत्त्व आणखीच कमी शोषले जाते. मूल हवे असणाऱ्या मुलीने डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड आधीच सुरू करावे, बी-१२ची खात्री करून. लोह आणि ड जीवनसत्त्व कमी निघाले तर, सांगितले तितके दिवस. बाकीच्याला माझ्या लेखी जागा नाही. डाळ, भाकरी, पालेभाजी, दूध-ताक, मूठभर शेंगदाणे आणि सकाळचे ऊन यांची जागा कोणत्याच डब्याला घेता येत नाही.

पर्युषणात आपण कशाकशाचे नियम घेतो. त्यात हा एक घालून पाहावा. घरातल्या प्रत्येक डबीवर कागदाची पट्टी चिकटवावी आणि तीवर लिहावे, ही कोणाची, त्याच्यात काय उणे निघाले, कोणत्या तारखेला तपासले, कधी थांबवायची. जिच्या पट्टीवर लिहायला काही सुचत नाही, ती संपल्यावर पुन्हा आणू नये.